साक्ष कुणाची मानायची?

सातारा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "कथा-कादंबऱ्यांनी माणसं सुधारत असती तर एव्हाना आपल्याकडं सुधारायला कुणी शिल्लक राहिलं नसतं." वर हसलास. फोनवर मला तुझ्याशी भांडता येत नाही. जन्मभर बँकेत वसुली केलेला माणूस तू, समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून हे पत्र. उदाहरणही तूच काढलंस, अमेरिकेतल्या गुलामगिरीचं. गुलाम बाळगणारी दक्षिण आणि उत्तर यांच्यात यादवी युद्ध झालं, सहा लाखांवर माणसं मेली, तेव्हा कुठं गुलाम सुटले. त्यात पुस्तकांनी काय दिवे लावले, असा तुझा सवाल.

सरळ बॉस्टनला जाऊ. ऑक्टोबर १८३५. गुलामगिरी ताबडतोब संपवा म्हणून 'लिबरेटर' नावाचं साप्ताहिक चालवणाऱ्या विल्यम लॉइड गॅरिसनला जमावानं दोरी बांधून रस्त्यातून ओढत नेलं. शेवटी त्याचा जीव वाचावा म्हणून त्याला रात्रभर तुरुंगात ठेवावं लागलं. आणि जमावात गुंड नव्हते बरं का. चांगल्या घरची, चांगल्या कपड्यांतली, प्रतिष्ठित मंडळी होती. आता १८५४ चा जून घे. त्याच शहरात अँथनी बर्न्स नावाचा पळून आलेला गुलाम पकडला गेला आणि त्याला व्हर्जिनियाला परत पाठवायचा हुकूम झाला. त्या एका माणसाला बंदरापर्यंत न्यायला सैन्य उभं करावं लागलं. दुतर्फा हजारो लोक धिक्काराच्या आरोळ्या देत होते, इमारतींवर काळी कापडं लटकत होती. एमॉस लॉरेन्स नावाच्या कापडगिरणीवाल्यानं नातलगाला लिहिलं, की रात्री आम्ही झोपलो ते जुन्या वळणाची, तडजोडीनं घेणारी माणसं म्हणून, आणि सकाळी उठलो ते ठार वेडे गुलामगिरीविरोधक होऊन. गिरणीवाला, म्हणजे दक्षिणेच्या कापसावरच जगणारा माणूस हा.

एकोणीस वर्षांत एक शहर इकडचं तिकडं झालं. मधल्या काळात तिथं जे लिहिलं गेलं ते मी गेले काही महिने जमेल तसं वाचतोय, आणि मला त्या सगळ्यात एकच भांडण दिसतं: साक्ष कुणाची मानायची. दक्षिणेतल्या कोर्टांत गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालत नसे. मालकानं मारलं, विकलं, पोर तोडून नेलं, हे ज्याच्यावर गुजरलं त्याच्या तोंडून ऐकून घ्यायला कायदाच तयार नव्हता. मग ती साक्ष छापखान्यात गेली. पण तिथंही, पुस्तक उघडल्यावर वाचक पहिलं हेच विचारायचा: हे खरं कशावरून?

ही गोष्ट जुनी आहे. फिलिस व्हीटली ही आफ्रिकेतून सात-आठ वर्षांची असताना धरून आणलेली मुलगी, बॉस्टनमध्ये विकली गेली. तिचं नावही तिला आणणाऱ्या जहाजाचं. १७७३ साली तिच्या कविता लंडनला छापून निघाल्या, तर पुस्तकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या अठरा मातब्बरांच्या सह्यांचं प्रमाणपत्र! गव्हर्नरसकट सगळे लिहून देतात की होय, या कविता हिच्याच. इतकं करूनही जेफर्सननं पुढं लिहिलं की तिच्या नावानं छापलेलं लिखाण समीक्षेच्या लायकीचंही नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा तोच हा जेफर्सन.

फ्रेडरिक डग्लसचं तर त्याहून गमतीचं, म्हणजे हसावं की रडावं कळत नाही अशातलं. मेरीलँडमधून पळालेला गुलाम. बाल्टिमोरला लहानपणी मालकीण त्याला अक्षरं शिकवायला लागली, तर नवऱ्यानं तिला दटावलं: हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहायचा नाही. डग्लस म्हणतो, त्या दिवशी मला गुलामगिरीतून सुटायची वाट कळली. पुढं रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यानं त्यांच्याकडून अक्षरं शिकून घेतली. साधारण बाराव्या वर्षी पन्नास सेंट टाकून वक्तृत्वाचं एक शालेय पुस्तक घेतलं. त्यात गुलाम आणि मालक यांचा एक संवाद होता. गुलाम मुद्देसूद बोलतो, मालक निरुत्तर होऊन त्याला सोडून देतो. हे मुद्दाम सांगतोय. लोकमत लोकमत म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढं फक्त गोरे वाचक असतात. त्या पोराचं मतही कुणीतरी लिहिलेल्या पानांवरच घडलं की!

तर हा डग्लस उत्तरेत आला, गॅरिसनच्या मंडळींबरोबर सभा गाजवू लागला. इतकं उत्तम बोलायचा की लोक म्हणायला लागले, हा कसला गुलाम? त्याचे स्वतःचे गोरे साथीदार त्याला सांगत, तू फक्त घडलेलं सांग, त्यामागचा विचार आम्ही मांडू. बोलण्यात जरा मळ्यावरची भाषा ठेव, नाहीतर विश्वास बसायचा नाही. मित्रांनी केलेला असा अपमान शत्रूच्या शिवीपेक्षा जास्त टोचत असणार. त्यानं मग १८४५ मध्ये आत्मचरित्रच लिहिलं आणि त्यात मालकांची, मुकादमांची, गावांची खरी नावं घातली. नावं छापणं म्हणजे मालकाला आपला पत्ता देणं. पुस्तक निघालं आणि त्याला इंग्लंड-आयर्लंडला जावं लागलं. पुढच्या वर्षी तिथल्या मित्रांनी १५० पौंड गोळा करून त्याला त्याच्या मालकाकडून रीतसर विकत घेतलं, तेव्हा तो कायद्यानं स्वतंत्र झाला.

आणि आता यातला कळस. थॉम्पसन नावाचा एक गृहस्थ वर्तमानपत्रात लिहिता झाला, की हे पुस्तक थापांचं आहे, कारण या माणसाला मी तिथं ओळखत होतो, त्याचं तेव्हाचं नाव फ्रेडरिक बेली, तो अगदी सामान्य अडाणी गुलाम, असलं पुस्तक लिहिणं त्याच्या आवाक्यातलं नाही. झालं! डग्लसनं जाहीर आभार मानले. मी गुलाम नव्हतोच म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं, आणि तेही मालकवर्गाच्या माणसाकडून. तुझ्या वसुलीच्या भाषेत सांगायचं तर ऋणकोनं स्वतःच कर्ज कबूल केलं.

मालकांच्या तोंडून साक्ष काढायची ही युक्ती त्याआधीच एका कुटुंबानं पद्धतशीर वापरली होती. अँजेलिना आणि सारा ग्रिमके या चार्ल्स्टनच्या गुलाम बाळगणाऱ्या घरातल्या मुली. घरदार सोडून उत्तरेत आल्या. अँजेलिनाचा नवरा थिओडोर वेल्ड. या तिघांनी दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांचे वीस हजारांवर अंक चाळले आणि १८३९ मध्ये त्यातली कात्रणं पुस्तकरूपानं छापली. त्यात पुष्कळ जाहिराती, पळालेल्या गुलामांच्या. मालक आपल्या मालाची ओळख पटावी म्हणून खुणा देतो: कान कापलेला, पाठीवर वळ, पायात बेडी. नॉर्थ कॅरोलिनातल्या एकानं दिलेली जाहिरात मी विसरू शकत नाही. एक बाई दोन मुलं घेऊन पळाली आहे. ती जाण्याच्या थोडे दिवस आधी मी तिच्या डाव्या गालावर तापल्या लोखंडानं डाग दिला होता, 'एम' अक्षर काढायचा प्रयत्न केला होता. खाली नाव. लाज नाही, लपवाछपवी नाही. हरवलेल्या जनावराचं वर्णन द्यावं तसं. वेल्ड-ग्रिमकेंना त्यात एक शब्द आपल्या पदरचा घालावा लागला नाही. डिकन्स अमेरिका बघून गेला आणि १८४२ च्या प्रवासवर्णनात या जाहिराती त्यानं भराभर उचलून घातल्या, कुठून घेतल्या ते न सांगता. थोर लेखकही हात मारतात.

आता हॅरिएट बीचर स्टो. तुझा रोख तिच्यावरच होता, ठाऊक आहे मला. रडकी कादंबरी म्हणालास. आहेच रडकी. पण ती कधी आली ते बघ. १८५० मध्ये फरारी गुलामांचा नवा कायदा झाला. पळालेल्या गुलामाला आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला ज्यूरी नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाकडं धाडला तर दहा डॉलर फी, सोडला तर पाच. आणि कायद्यात स्पष्ट कलम, की त्या माणसाची स्वतःची साक्ष पुराव्यात घ्यायची नाही! म्हणजे आजवर दक्षिणेच्या कोर्टात जे चालायचं ते आता बॉस्टनच्या, ओहायोच्या दारात आलं. दक्षिणेचं पाप दक्षिणेच्या माथी, असं म्हणून झोपायची सोय गेली.

स्टोबाई सिनसिनाटीला बरीच वर्षं राहिलेली. ओहायो नदीच्या पलीकडं केंटकी, गुलामांचं राज्य. १८४९ च्या पटकीच्या साथीत तिचं दीड वर्षाचं पोर गेलं. तिनं नंतर लिहिलं, की त्याच्या मरणाच्या खाटेपाशी मला कळलं, गुलाम आईचं मूल तिच्यापासून ओढून नेतात तेव्हा तिला काय होत असेल. पुढं मेन राज्यात ब्रन्सविकला बिऱ्हाड गेलं, नवरा तिथल्या कॉलेजात प्राध्यापक. तिथं तिनं लिहायला घेतलं. जून १८५१ पासून वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इरा' या साप्ताहिकात गोष्ट येऊ लागली. तीन-चार आठवड्यांत संपेल असा अंदाज होता, ती पुढच्या एप्रिलपर्यंत चालली. मार्च १८५२ मध्ये 'अंकल टॉम्स केबिन' पुस्तक म्हणून आलं. पहिली आवृत्ती पाच हजारांची, आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये चोरून छापलेल्या धरून दहा लाखांवर.

तू टॉमच्या, म्हणजे कादंबरीच्या गुलाम नायकाच्या, मरणावर हसतोस. तो भाग सोड. नववं प्रकरण काढ. ओहायोचा एक सिनेटर, बर्ड नावाचा, पळालेल्या गुलामांना मदत करायला बंदी घालणाऱ्या कायद्याला मत देऊन घरी येतो. पाय शेकत चहा घेतोय. बायको भित्र्या स्वभावाची, पण ती विचारते, असला कायदा तू केलास? हा तिला राज्यकारभार समजावतो: भावना वेगळ्या, सार्वजनिक हित वेगळं. (असली वाक्यं आपण दोघांनी किती साहेबांकडून ऐकली असतील!) तेवढ्यात स्वयंपाकघरात एलायझा ही गुलाम बाई येऊन पडते. पोराला विकणार म्हणून त्याला छातीशी धरून नदीच्या तुटत्या बर्फावरून पळत आलेली. शुद्धीवर आल्यावर ती बर्डच्या बायकोला एवढंच विचारते, बाई, तुमचं मूल गेलंय कधी? त्या घरातलं मूल जाऊन महिनाच झालेला असतो.

मग स्टो मान वळवून सिनेटरकडं बघते. तिचं म्हणणं असं, की त्याला आजवर फरारी गुलाम म्हणजे कागदावरची अक्षरं माहीत होती. फार तर वर्तमानपत्रातलं ते बारीक चित्र, काठीला गाठोडं लावलेला माणूस आणि खाली 'पळून गेला आहे'. दिलीप, हीच ती जाहिरात! वेल्ड-ग्रिमकेंनी कात्रणं करून जमवलेली. स्टोनं ते पुस्तक बारकाईनं वाचलं होतं. तिनं त्या चित्रातला माणूस उचलून सिनेटरच्या चुलीपाशी आणून बसवला. आणि सिनेटर काय करतो? बायकोला चाचरत सुचवतो, की आपल्या गेलेल्या पोराचे कपडे कपाटात आहेत ना, ते याला... आणि मध्यरात्री चिखलातून स्वतः गाडीत बसून त्या आईला सुरक्षित ठिकाणी पोचवतो. सकाळचा कायदा रात्री मोडतो.

मतं बदलायला याहून जास्त काय लागतं? 'गुलामगिरी वाईट' हे बर्डला आधीही पटत होतं. त्याला हवी होती ती दारात उभी राहिलेली बाई. स्टोनं ती लाखो घरांत उभी केली.

तरी तुझ्या बाजूनं एक मोठा पुरावा आहे, तो तुला ठाऊक नसेल म्हणून मीच देतो. तीन लाख प्रती खपल्या त्याच वर्षी, नोव्हेंबर १८५२ मध्ये, अध्यक्षपदाची निवडणूक झाली. गुलामगिरीचा विस्तार रोखू म्हणणाऱ्या फ्री सॉइल पक्षाला पाच टक्केही मतं पडली नाहीत. चार वर्षांपूर्वी दहा टक्के होती. निवडून आला तो पियर्स, फरारी कायदा राबवणारा. म्हणजे देश रडला आणि रडून झाल्यावर त्याच लोकांना मत देऊन आला. याचं एक कारण असं, की त्या पुस्तकाच्या वाचक बायकांना मतच नव्हतं. त्यांनी सह्या मात्र केल्या: ब्रिटनमधल्या पाच लाखांवर बायकांनी अमेरिकेतल्या बायकांना उद्देशून केलेलं आवाहन सव्वीस जाडजूड खंडांत स्टोच्या हाती दिलं. दुसरं, पुस्तकाला घटना लागते. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्काचा कायदा आला, नवे प्रदेश गुलामगिरीला मोकळे झाले, आणि त्याच आठवड्यात बर्न्सला पकडलं. तेव्हा बॉस्टनचे लोक रस्त्यावर जे बघत होते ते त्यांनी आधी वाचलेलं होतं. साखळदंडातला तो अनोळखी माणूस त्यांना अनोळखी राहिला नव्हता. एवढंच मी पुस्तकांच्या खात्यावर जमा करतो, जास्त नाही. लिंकननं स्टोला 'एवढं मोठं युद्ध सुरू करणारी छोटीशी बाई' म्हटल्याची गोष्ट आहे ना, ती दोघांची भेट झाल्यावर तीसेक वर्षांनी छापून आली. ती तू भाषणात वापरू नकोस.

दक्षिणेला मात्र पुस्तकांच्या ताकदीबद्दल तुझ्यासारखी शंका नव्हती. १८२९ मध्ये डेव्हिड वॉकर या बॉस्टनच्या जुन्या कपड्यांच्या काळ्या दुकानदारानं गुलामांना उद्देशून जहाल पत्रक काढलं. ते खलाशांच्या कपड्यांत शिवून दक्षिणेत जायचं. लगोलग राज्याराज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं गुन्हा ठरवणारे कायदे आले. १८३५ मध्ये चार्ल्स्टनच्या पोस्टातली टपाल-पोती फोडून गुलामगिरीविरोधी छापील मजकुराची होळी केली. स्टोच्या कादंबरीला उत्तर म्हणून सुखी गुलामांच्या आणि प्रेमळ मालकांच्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, वीस-पंचवीस तरी. त्यांचा आवडता मुद्दा असा, की उत्तरेतला गिरणीकामगार आमच्या गुलामापेक्षा उपाशी. (मुद्दा अगदीच खोटा नव्हता, पण गिरणीकामगाराच्या पोराचा लिलाव होत नसे.) आणि मेरीलँडमध्ये सॅम्युएल ग्रीन या स्वतंत्र काळ्या धर्मोपदेशकाच्या घराची झडती झाली, तेव्हा कॅनडाचा नकाशा, आगगाडीचं वेळापत्रक आणि 'अंकल टॉम्स केबिन' सापडलं. पळणाऱ्यांना मदत केल्याचं सिद्ध होईना. मग पुस्तक जवळ बाळगलं म्हणून १८५७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा. १८६२ मध्ये सुटला, तोही राज्य सोडून जायच्या अटीवर. पुस्तकांनी काय होतं, हे ग्रीनला विचार.

आता माझी खरी कुरकुर, ती स्टोच्या बाजूची नाही. डग्लसचं खरंखुरं आत्मचरित्र १८६० पर्यंत सुमारे तीस हजार खपलं. त्या मानानं चांगलंच. पण गोऱ्या बाईच्या कल्पित गोष्टीच्या दहावा हिस्सा. आणि त्या गोष्टीत टॉम मरतो क्षमा करत. तो भेकड नाही हं; दोन पळालेल्या बायका कुठं लपल्यात ते सांगत नाही म्हणून मार खाऊन मरतो, आणि वयानंही धडधाकट आहे. पुढं नाटकवाल्यांनी तोंडाला काळं फासून त्याचा वाकलेला, लाचार म्हातारा केला, आणि टॉमचं नाव काळ्यांमध्ये शिवी झालं. पण एलायझाचा लढाऊ, शिकलेला नवरा जॉर्ज हॅरिस, त्याला तर स्टोनंच शेवटी आफ्रिकेत लायबेरियाला धाडलं. गुलामी नको, पण मोकळा झालेला माणूस शेजारीही नको, ही उत्तरेच्या मनातली इच्छा तिच्या शेवटात उतरली. मार्टिन डेलनी या काळ्या लेखकानं तेव्हाच लिहिलं, की या बाईंना आमच्याबद्दल काहीच माहिती नाही. डग्लस तिच्या बाजूनं उभा राहिला. मदत जिथून येईल तिथून घ्यावी असा त्याचा हिशेब.

हॅरिएट जेकब्सची गोष्ट वाचली की मात्र स्टोवर राग येतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या एडंटनची ही गुलाम बाई, मालकाच्या वासनेपासून सुटायला आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंची जास्तीत जास्त तीन फूट. उभं राहता येत नसे. भोकातून खाली आपली मुलं खेळताना बघायची. पळून उत्तरेत आल्यावर एका मैत्रिणीमार्फत तिनं स्टोला कळवलं, माझी हकीकत लिहायला मदत कराल का. स्टोनं काय केलं, तर ती हकीकत खरी आहे का म्हणून जेकब्स जिथं काम करायची त्या मालकिणीलाच पत्र धाडून विचारलं. आणि खरी असेल तर आपल्या पुढच्या पुस्तकात वापरते म्हणाली. ते पुढचं पुस्तक म्हणजे १८५३ चं, कादंबरी खरी आहे हे सिद्ध करण्यासाठी काढलेलं पुराव्यांचं बाड! जिला स्वतःला साक्षी गोळा करत फिरावं लागत होतं, तिनंच दुसरीकडं दाखला मागितला. जेकब्स भयंकर दुखावली. तिनं स्वतःच लिहिलं. पुस्तक टोपणनावानं १८६१ मध्ये आलं, लिडिया मारिया चाइल्डनं संपादन केलं होतं. तीन महिन्यांत युद्ध पेटलं. आणि पुढं शंभरावर वर्षं विद्वान मंडळी म्हणत राहिली, ही चाइल्डबाईंची कादंबरी असणार. १९८० च्या दशकात जीन फेगन येलिन या अभ्यासक बाईंनी पत्रं नि कागदपत्रं शोधून काढली, तेव्हा जेकब्सची साक्ष मान्य झाली.

आपल्याकडचं तू विचारलंस. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये छापली. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा या इच्छेनं. घटनादुरुस्तीनं तिथली गुलामी संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. छापील शब्दाला पुण्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्स गावी सशस्त्र गोऱ्या जमावानं वादग्रस्त निवडणुकीनंतर कोर्टाची इमारत राखून बसलेल्या काळ्यांची कत्तल केली, कित्येकांना शरण आल्यावर मारलं. जोतीरावांनी ज्यांना अर्पणपत्रिका लिहिली ते सदाचारी लोक तोवर पुरते थकले होते, चार वर्षांत त्यांनी दक्षिणेतलं सैन्यही काढून घेतलं. लोकमत वळवता येतं तसं ते उताणंही पडतं. तुझा मुद्दा म्हणायचा तर इथं आहे, फोनवर तू मांडलास तिथं नाही.

डग्लस आणि जेकब्स दोन्ही पुस्तकं पार्सलनं पाठवतोय. स्टो तुझ्या वाचनालयात असेलच. एक सांगतो: डग्लसच्या पुस्तकात सुरुवातीला गॅरिसनची प्रस्तावना आणि त्याचा साथीदार वेंडेल फिलिप्सचं पत्र आहे, हा माणूस विश्वासार्ह आहे अशा अर्थाची. ती पानं उलटून थेट पहिल्या प्रकरणावर जा. त्याला आपला जन्मदिवस माहीत नव्हता तिथून ते सुरू होतं. प्रस्तावना वाटल्या तर शेवटी वाच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते कळव.

तुझा,
श्रीकांत